पाटे, पेट्या आणि पाटगाव
प्रवासाची दैनंदिनी : भाग तिसरा

सोमवार. पुणे ते कोल्हापूर

सकाळी सहाला निघालो, पोचायला तीन वाजले. डिझेल १,९५०. चहा-वडे १२०. टोल वेगळा, फास्टॅगमधून : खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. साताऱ्याच्या पुढे रुंदीकरणाचं काम, कराडच्या आसपास दीड तास गेला. साठच्या पुढे काटा गेला की स्टिअरिंग हातात थरथरतं. मागचा उजवा कोपरा बसल्यासारखा दिसतो. ड्रायव्हरच्या बाजूची काच खड्ड्यात आपटली की आपोआप खाली उतरते. पेठ नाक्याला परतीच्या पावसानं गाठलं आणि उजवी बाही पूर्ण भिजली. पाठ दुखते आहे. झोपतो.

मंगळवार. शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. गाडी महिंद्रा बोलेरो कॅम्पर, २०१२ची, चारही चाकांना ओढ असलेली, २,५२३ सीसीचं साधं डायरेक्ट इंजेक्शन डिझेल इंजिन. पुढे माणसं, मागे हौदा. भुदरगड तालुक्यातल्या पाटगाव भागात मधपाळ अण्णांच्या पेट्या डोंगरावरच्या वस्तीवरून खाली शिवारात उतरवायच्या आहेत. त्या वाटेला डांबर नाही. टायर दैनंदिनीच्या मागच्या भागात बसवून झाले. बाकी सगळं काम इथं.

उद्यमनगरात आलं की धीर येतो. उसाला पाणी ओढणाऱ्या ऑइल इंजिनांवर या गावाचं लेथ, फाउंड्री आणि वेल्डिंगचं ज्ञान वाढलं. आज एका गल्लीत सुटा भाग मिळाला नाही तर शेजारच्या गल्लीत तो बनवून मिळतो.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. गोणपाट अंथरलं, खाली झोपले आणि मलाही झोपायला लावलं. प्रोपेलर शाफ्ट हातानं हलवला. कट्‌ आवाज आला. "क्रॉस गेलाय. दुसरा बी जाणार." पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली, मग डावं-उजवं हलवलं. बेअरिंगला खेळ, टायरॉड एंडला खेळ. थरथरीचा पत्ता लागला.

मग चासी. मागच्या पाट्याचा हँगर जिथे चासीला धरतो तिथे चिखलाचा थर होता. तो खरवडला, ग्राइंडरनं रंग काढला. रॉकेलचा बोळा फिरवला, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. आम्ही दोघे बघत राहिलो. मिनिटभरात पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटली, बोटाच्या दोन पेरांएवढी. तड्यात शिरलेलं रॉकेल पुडीनं ओढून वर आणलं होतं. नुसत्या डोळ्यांना तो तडा दिसला नसता. डोंगरात, भरल्या हौद्यानिशी, तो वाढत गेला असता.

मी गाडी किती उंच करता येईल ते विचारलं. मिस्त्री बाहेर आले, हात पुसले. "सायेब, उंच करायचं मग बघूया की. आधी हिला सरळ उभी करूया."

दिवसभर पाऊस. काच दोरीनं बांधली, तरी उतरतेच.

बुधवार. उद्यमनगर

दोन क्रॉस २,२००. बेअरिंग आणि सील ३,१००. टायरॉड एंड, अलाइनमेंटसह २,७००. चासीचं काम ३,८००. जेवण १८०. दुपारी दोन ते पाच वीज नव्हती, त्यामुळे वेल्डिंग संध्याकाळी. काचेच्या यंत्राचा भाग उद्या येणार म्हणे. आज पुन्हा बाही भिजली.

एवढं मात्र लिहून ठेवायला हवं. तडा थेट वेल्ड केला नाही. आधी त्याच्या टोकाशी ड्रिलनं भोक पाडलं, म्हणजे तो तिथेच थांबतो, पुढे सरकत नाही. मग तड्याची खाच ग्राइंडरनं उघडून भरली. वरून पट्टी, पण तिची टोकं तिरकी कापलेली. सरळ कापली तर सगळा ताण एकाच आडव्या रेषेवर येतो आणि चासी पुन्हा तिथेच तडकते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडल्या. वाचकांपैकी कुणी हे काम करून घेणार असेल तर समोर उभं राहून करून घ्यावं.

गुरुवार. पाटेवाले चाचा

आज लिहायला हात शिवशिवतायत, थकवा असला तरी.

चाचांचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक ऐरण, भिंतीला टेकवलेले पाटे आणि तीन घण. वय सत्तरीच्या आसपास. मागचे दोन्ही पाट्यांचे संच सोडवून त्यांच्यापुढे ठेवले. सेंटर बोल्ट काढला तसे पाटे सुटे झाले. उजवीकडचा तिसरा पाटा मोडलेलाच होता, बाकीच्यांच्या आधारानं जागेवर राहिला होता. म्हणून कोपरा बसला होता. उरलेल्यांची कमान सपाट होत आलेली.

चाचांनी पाटा ऐरणीवर आडवा धरला आणि घण मारत गेले. गार पाट्यावरच. एका टोकाकडून दुसरीकडे, दर दोन बोटांवर एक घाव, ठोक्यांचं अंतर जराही न चुकता. दर काही घावांनी पाटा उचलायचा, जमिनीवर खडूनं काढलेल्या कमानीशी लावून बघायचा, पुन्हा ऐरणीवर. मी विचारलं, तापवून सोपं नाही का जाणार? "तापवला की पाट्याचं पाणी जातंय. मग दिसायला कमान, पर महिन्यात परत बसतीय. लई जण तसंच करून देत्यात."

हौद्यात मधमाश्यांच्या पेट्या येणार हे सांगितल्यावर त्यांनी घण खाली ठेवला. नीट विचारलं. पेटीचं वजन किती, आत काय असतं, धक्का बसला तर काय होतं. मी सांगितलं, आत लाकडी चौकटींवर मेणाची पोळी टांगलेली असतात. मधानं जड झालेलं पोळं आपटलं तर तुटतं, माश्या चिरडतात. मधात राणी सापडली तर वसाहत धोक्यात.

त्यांचा निर्णय असा : जादा पाटा घालायचा नाही. मोडलेल्याच्या जागी त्याच जाडीचा. प्रत्येक पाट्याचा गंज ब्रशनं उतरवायचा, दोन पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस भरायचं. गंजलेले पाटे एकमेकांवर घासत अडकतात आणि बारीक धक्काही जसाच्या तसा वर पाठवतात. ग्रीस असलं की ते सरकतात, धक्का खालीच जिरतो. जादा पाटा घातला असता तर गाडी उंच आणि कडक झाली असती. रिकामी असताना उड्या मारल्या असत्या, आणि पेट्यांना तेच नको.

बुश, यू बोल्ट, मजुरी धरून ६,४००. बसवल्यावर मोजलं : मागचा उजवा कोपरा दोन इंच वर आला, डावा सव्वा इंच. ही उंची विकत घेतलेली नाही. गाडीची होती, ती परत मिळाली.

निघताना चाचा म्हणाले, "दोनशे किलोमीटर पळाल्यावर यू बोल्ट परत आवळा. इसरू नका."

शुक्रवार. शहरातलं एक दुकान

आज चिडचिड. सामानाच्या एका दुकानात दीड तास गेला. पुढचा लोखंडी गार्ड, चार इंच लिफ्ट, दोन मापं मोठे टायर, छतावर दिव्यांची रांग, असा एक लाख तीस हजारांचा कागद हातात ठेवला. गाडी कुठे जाणार, हौद्यात काय असणार, कुणी विचारलंही नाही.

म्हणून इथे स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावून सांगितलं. पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. पादचाऱ्याला त्यानं जास्त इजा होते आणि धडकेचा जोर थेट चासीवर जातो. आमची गाडी मालवाहू, आठ वर्षांहून जुनी, म्हणजे दरवर्षी पासिंग. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब तोच निघतो. मोठ्या टायरनं गिअरिंग उंच होतं, ब्रेकला जास्त जोर लागतो, स्पीडोमीटर चुकीचं दाखवतो. उंच गाडीचा तोल तिरक्या वाटेवर लवकर जातो.

आम्ही केलेले बदल एवढेच. पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या ब्रीदरला लांब नळ्या जोडून त्यांची तोंडं वर, इंजिनच्या उंचीवर बांधली : ६५०. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढते. मग ऑइल दुधाळ होतं आणि गिअर खाल्ले जातात. चासीला बोल्टनं पक्का केलेला ओढणीचा हूक : १,२००. हौद्यात पेट्या बांधायच्या कड्या : ९००. जाड रबरी चटई आणि फळ्या : १,८५०. हवेचा पंप आणि प्रेशर गेज : ३,४००.

स्नॉर्केल घेतलं नाही. हवेच्या फिल्टरचं तोंड मोजलं, ते बरंच वर आहे आणि आमच्या वाटेवरचे ओढे या दिवसांत चाकाच्या मध्याच्या वर येत नाहीत. इंजिननं पाणी ओढलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे आधी पायी ओढा ओलांडून बघणं.

शनिवार. उद्यमनगर

ब्रेक लायनर, होज, व्हील सिलिंडर ४,३००. सगळीकडचं ऑइल, डिझेल फिल्टर, नळ्या ५,५००. लाइनमधली हवा काढायला पाऊण तास. मिसळ दोन वेळा. सासने मैदानापर्यंत फेरी, थरथर गेली.

सोमवार. गारगोटीमार्गे पाटगाव

डिझेल २,०००. कडगावच्या पुढे रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना कारळा फुललेला, शेतंच्या शेतं पिवळी. याच फुलांसाठी पेट्या खाली आणायच्या. मौनी महाराजांच्या मठात दर्शन घेऊन अण्णांकडे.

मावशींनी नाचणीची भाकरी, हुलग्याची आमटी, लसणाचा ठेचा आणि घनसाळाचा भात वाढला. भात पातेल्यातून काढताच घरभर वास. ताटाच्या कडेला चमचाभर मध, गडद, किंचित कडवट. जांभळाचा, असं अण्णा म्हणाले. दुकानातला मध खाऊन ज्यांना मधाची चव ठाऊक आहे असं वाटतं, त्यांनी एकदा डोंगरात येऊन हा खावा.

रात्री यू बोल्ट पुन्हा आवळले. डाव्या बाजूचे दोन पाव फेरा फिरले.

मंगळवार. वरची वस्ती

वाट आधी पायी पाहिली. दोन ओढे, एक निसरडा जांभ्याचा चढ, एक वळण जिथे बाहेरचं चाक कडेला येतं. चाकांतली हवा पंचवीसवर उतरवली. टायर पसरतो, दगडाला धरतो आणि बारीक धक्के स्वतःच गिळतो. चढाच्या पायथ्याशी थांबून फोर-लो टाकला, पहिला गिअर, पाय ॲक्सिलरेटरवर स्थिर. गाडी न घसरता, न उड्या मारता चढली. एकदाच पुढचं उजवं चाक हवेत जाऊन फिरलं. तिथे दगड रचून वाट भरून घेतली आणि पुन्हा गेलो.

उतरताना ब्रेकवर पाय नाही, क्लचवर तर नाहीच. फोर-लोमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं. डांबर लागलं की मात्र फोर बाय फोर लगेच काढायचा. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते आणि तो ताण गिअरबॉक्सवर जातो.

रांगण्याकडे जाणाऱ्या जंगलवाटेवर जिथे तिथे नवे चर दिसले. हौसेनं आलेल्या गाड्यांनी जुनी चाकोरी सोडून बाजूची माती उकरली आहे. पावसात त्या चरांतून माती वाहून ओढ्यात जाते, आणि वाट मोडली की वस्तीवरच्या माणसाला दवाखान्यात नेणारी जीपही अडकते. हे बघून जीव तुटला.

बुधवार, पहाटे. कडगावजवळचं शिवार

रात्री नवाला माश्या पेटीत परतल्यावर अण्णांनी दारांना जाळी लावली. माशी जागा पक्की ओळखते, जवळच हलवली तर जुन्या जागी परत जाते, म्हणून एकाच रात्री दूर न्यायचं. वीस पेट्या, सातेरी माशीच्या. चौकटी गाडीच्या लांबीत येतील अशा ठेवल्या, म्हणजे ब्रेक लागला तरी पोळी एकमेकांवर झुलत नाहीत. खाली रबर, कड्यांतून पट्टे.

अण्णा हौद्यातच बसले, एका पेटीवर हात ठेवून. बारा किलोमीटरला अडीच तास लागले. ओढ्यात थांबलो तेव्हा पेट्यांतला एकसारखा गुंजारव ऐकू आला. तो चढला की अण्णा पत्र्यावर थाप मारायचे, मी थांबायचो. उजाडताना जाळ्या काढल्या. एकेक पेटी उघडून पाहिली. वीसही पेट्यांतली पोळी शाबूत.

"पाव्हणं, टेंपोनं आणायचो तवा चार-पाच तरी तुटायची," अण्णा म्हणाले.

गुरुवार. हिशेब

ॲक्सलचं ऑइल काढून पाहिलं, स्वच्छ. चासीच्या पट्टीवर पुन्हा रॉकेल आणि खडू, रेघ नाही.

दुरुस्ती २८,०००. बदल ८,०००. एकूण ३६,०००, टायर सोडून.

जुनी पिकअप डोंगरासाठी तयार करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. खर्चाचा क्रम हाच ठेवा. आधी चासी, पाटे, ब्रेक आणि सांधे कंपनीनं दिले तसे करून घ्या, मग हौद्यातलं ओझं आणि समोरची वाट मागेल तेवढाच बदल करा. आणि डोंगरात गेलात की जुन्या चाकोरीतूनच गाडी चालवा. ती वाट तिथे राहणाऱ्यांची आहे.