पुरचुंडीतले तत्त्वज्ञान

घरात माणूस गेला की रडण्याच्या आवाजातच काही साधे प्रश्न विचारले जातात. कुणाकुणाला कळवले? सामान आणायला कोण गेले? अग्नी कोण देणार? दहावा कुठे करायचा? त्या घडीला देव आहे की नाही हा प्रश्न फार लांबचा वाटतो. त्यावर रात्र रात्र वाद घालणारा माणूसही त्या दिवशी ओल्या अंगाने मुकाट उभा राहतो आणि कुणी सांगेल तसे करत जातो. यात त्याचा ढोंगीपणा शोधू नये. धर्माची पकड नेमकी कुठे आहे ते यातून ओळखावे. धर्म माणसाच्या शंका फेडतो त्याहून अधिक त्याचे प्रसंग निभावून नेतो. बारसे, लग्न, आजारपण, मरण अशा वेळी हातांनी काय करायचे, तोंडाने काय म्हणायचे आणि शेजारी कुणी उभे राहायचे, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवलेले असते. म्हणून संघटित धर्माबाहेर राहून जगण्याचे स्वतःचे तत्त्वज्ञान घडवू पाहणाऱ्याचे नुसत्या मतांवर भागत नाही. ते तत्त्वज्ञान प्रसंगाला पुरावे लागते.

जोतीराव फुल्यांनी हे नेमके ओळखले होते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुरोहितावाचून लग्न लागले. निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे मत सभेत मांडणे एक आणि भरल्या मांडवात भटजीची जागा रिकामी ठेवणे दुसरे. ती जागा रिकामी ठेवून चालणार नाही हेही जोतीरावांना कळले; म्हणून त्यांनी नव्या मंगलाष्टका रचल्या आणि त्यांत वधूवरांना एकमेकांशी बोलते केले. पुढे उजवे अंग लुळे पडल्यावर डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. ते १८९१ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. पण त्या पुस्तकाची परीक्षा छपाईआधीच झाली होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले आणि दत्तक पुत्र यशवंताच्या अग्नी देण्याच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा टिटवे हाती धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. स्त्रीने स्मशानाची पायरी चढू नये असे मानणाऱ्या काळात त्यांनी पतीला अग्नी दिला. बाईच्या समानतेविषयी जे लिहिले होते, ते त्या दिवशी सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले.

फुल्यांनी निर्माता मानला होता. गोपाळ गणेश आगरकरांनी तोही आधार घेतला नाही. एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराच्या मागे न लागता पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांसाठी घालवीन, असे त्यांनी आईला कळवले होते आणि तसेच ते वागले. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ हे वृत्तपत्र काढले. सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा ते जिवंत असतानाच पुण्याच्या रस्त्यांवरून काढली. दम्याने पोखरलेल्या या माणसाला पुण्यफळाची आशा नव्हती, नरकाची भीती नव्हती आणि पुनर्जन्माचा दिलासाही नव्हता. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही न गाठता ते गेले. त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी सापडली आणि तिच्यात स्वतःच्या दहनाच्या खर्चासाठी बाजूला ठेवलेले वीस रुपये होते, असे सांगतात. आपल्या मरणाचा भार कुणावर पडू नये, ही तजवीज त्यांनी केली होती. ईश्वराच्या धाकावाचून माणूस नीतीने वागेल कशाला, असे विचारणाऱ्यांना मला ही पुरचुंडी दाखवावीशी वाटते. दुसऱ्याला आपला त्रास होऊ नये या जाणिवेला कुणी पाहणारा लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो सोयीचा. आपल्याच मनाने बेतलेले तत्त्वज्ञान आपल्याच अंगाला सैल होणार. जाचक तेवढे वगळायचे, गोड तेवढे ठेवायचे. ही भीती खोटी नाही. पण कुठल्याही विचारसरणीला एक कसोटी लावता येते: तिने आपल्याला नको असलेले काही कधी करायला लावले आहे का? रघुनाथ धोंडो कर्व्यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. खटले झाले, दंड झाले, मासिक थांबले नाही. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई १९७७ साली गेले, तेव्हा कोणत्याही धार्मिक विधीवाचून आपले दहन व्हावे ही इच्छा त्यांनी मागे ठेवली होती. दफनाचीच रीत असलेल्या समाजात जन्मलेल्या माणसाला ती इच्छा स्वस्तात पडली नाही. हे सोयीने वागले असे कोण म्हणेल? उलट जन्माने मिळालेला धर्म कसलीही किंमत न मोजता पाळता येतो, आणि पुष्कळ जण तो तसाच पाळतात.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि त्याला उडवून लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. धर्म माणसाला एकटे पडू देत नाही. दिंडीत चालणाऱ्याचे पाय दुखले तर चेपायला दुसरा वारकरी असतो. सुतकाच्या घरी शेजारपाजारचे पिठले-भात घेऊन येतात. विवेकाने जगणाऱ्याच्या दारात असे कोण येते? याचे उत्तर फुल्यांच्या कामात आहे: त्यांनी मत मांडले आणि समाजही उभा केला. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, हे सोबतीचेच उदाहरण. तत्त्वज्ञान स्वतःचे असावे; ते एकट्याचे असावे असे नाही. मग हाही एक पंथच होणार नाही का? ज्या दिवशी सोबत्याला प्रश्न विचारणे अपराध ठरेल, त्या दिवशी होईल. फुल्यांनी त्यावरचा उपायही लिहून ठेवला. एकाच घरातल्या माणसांनी वेगवेगळे धर्म मानावेत आणि तरीही मायेने एकत्र नांदावे, असे कुटुंब त्यांच्या पुस्तकात आहे. आगरकरांनीही आपली मते पत्नीवर लादली नाहीत. यशोदाबाईंची व्रतवैकल्ये त्या घरात चालू राहिली. स्वतःसाठी मागितलेले स्वातंत्र्य सर्वांत जवळच्या माणसाला देता येणे, ही या मार्गावरची सर्वांत अवघड पायरी आहे, आणि ती चढल्यावाचून पुढचे सारे चढणे फुकट आहे.

म्हणून धर्माबाहेर उभे राहू पाहणाऱ्या वाचकाला एवढीच विनंती आहे. वाद घालण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा. आपले लग्न कसे व्हावे, मुलांना काय शिकवावे, मिळकतीतले कुणाला किती द्यावे, आजारात कुणाला हाक मारावी आणि देहाचे काय करावे, हे त्यावर आपल्या हाताने लिहावे. देहदान करायचे असेल तर अर्ज भरून घरच्यांना सांगून ठेवावे. दुःखाच्या दिवशी त्यांना अंदाज करायला लावू नये. जिथे लेखणी अडेल तिथे आपला विचार अजून कच्चा आहे असे समजावे आणि तिथून पुन्हा सुरुवात करावी. कागद पुरा झाला की तो घरातल्या सर्वांना वाचून दाखवावा, आणि त्यांचे म्हणणे वेगळे निघाले तर तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.