ओस्टेनसाहेब, मालाड

ओस्टेनसाहेब, तुमच्या स्टुडिओचं नाव मालाड पश्चिमेला अजून पत्त्यात लिहितात: बॉम्बे टॉकीज कंपाउंड. पत्रे, गाळे, यंत्रांची घरघर. कुरिअरवाल्याला तेवढी खूण पुरते. तुमचं नाव तिथे कुणाच्या तोंडी असेल, असं वाटत नाही.

तुम्ही म्युनिकच्या एका फोटोग्राफरचा मुलगा, जन्म 1876 चा, खरं नाव फ्रान्झ ओस्टरमायर. काही दिवस नट होऊन पाहिलंत, मग भाऊ पेटरबरोबर फिरता सिनेमा घेऊन हिंडलात. पन्नाशी जवळ आली असताना हिमांशु राय भेटले आणि बुद्धाची कथा पडद्यावर आणायला तुम्ही हिंदुस्थानात आलात. मग ‘शिराज’, मग ‘अ थ्रो ऑफ डाइस’. सगळे मूकपट, भाषेची अडचण नव्हती.

1934 साली राय आणि देविकाराणी यांनी मालाडला स्टुडिओ उभारला तेव्हा चित्रपट बोलू लागला होता, आणि तुम्हाला हिंदी येत नव्हतं. तरी पाच वर्षांत सोळा चित्रपट! संवाद कळत नसताना तुम्ही काय पाहत होता? बहुधा चेहरे. अशोककुमारचा जबडा पाहून तुम्ही नाक मुरडलंत म्हणे. मग त्याच चेहऱ्यावर चित्रपटामागून चित्रपट काढलेत.

1936 चा ‘अछूत कन्या’. आंबेडकरांच्या येवल्यातल्या धर्मांतराच्या घोषणेनंतरचं ते वर्ष. रेल्वे फाटकावरच्या गेटमनची मुलगी कस्तुरी, ब्राह्मणाघरचा प्रताप. लग्न होऊ शकत नाही. शेवटी कथा तिलाच गाडीखाली देते, त्याला नाही. हे मला आजही खुपतं. पण तुमचा छायालेखक व्हिर्शिंग, त्याचा कॅमेरा तिच्याजवळ जातो तेव्हा त्या उजेडात दया नसते, मान असतो. तो मान तुमचाही होता, असं मानायचा मोह होतो.

आणि त्याच वर्षी तुम्ही नाझी पक्षाचे सभासद झालात. ज्यू आणि जर्मन यांचं लग्न गुन्हा ठरवणारा कायदा तुमच्या देशात आदल्याच वर्षी झाला होता. मालाडला तुम्ही जे दुःख चित्रित करत होता, त्याला तिकडे सरकारी शिक्का मिळाला होता. तुमच्यासाठी सबबी शोधायला मी बसणार नाही. शोक करतानाही ही नोंद खोडता येत नाही, साहेब.

1939 मध्ये युद्ध सुरू झालं आणि ‘कंगन’ अर्धवट असताना इंग्रजांनी तुम्हाला अटक केली. सुटून तुम्ही जर्मनीला गेलात. 1956 मध्ये बाड आयब्लिंगला वारलात. व्हिर्शिंगने छावण्यांत वर्षं काढली, मग इथेच राहून ‘महल’ टिपला, ‘पाकीजा’चं कामही केलं. राय तर 1940 च्या मे महिन्यातच गेले.

‘कंगन’ मालाडच्या मंडळींनी पुरा केला. तो चांगला चालला, आणि धारवाडच्या लीला चिटणीस त्या चित्रपटाने देशभर पोचल्या.