सदर बाजारातली कडक नाशपाती: परत ठेवू नका, शिजवा!

रायपूरचा सदर बाजार म्हटलं की आधी आठवतात सराफांची दुकानं. लग्नसराईत इथे पाय ठेवायला जागा नसते. पण तुम्ही पावसाळ्यात इथे आलात, तर सोन्याचे भाव विचारून झाल्यावर शेजारच्या गोलबाजाराकडेही वळा. फळांच्या हातगाड्यांवर हिरवट-तपकिरी नाशपाती दिसली की उचलून दाबून बघा. अगदी दगड! अनेकजण ती तिथेच परत ठेवतात. तुम्ही मात्र अर्धा किलो घ्याच.

एवढी कडक का?

छत्तीसगडच्या ईशान्य टोकाला जशपूर जिल्हा आहे. तिथल्या उंच पठारांना 'पाट' म्हणतात. हवा थंड असल्यामुळे तिथे नाशपाती छान होते, शेतात आणि घरामागच्या बारीत, म्हणजे परसबागेतही. हे फळ झाडावरच पिकू दिलं तर आतून आधी मऊ पडतं. म्हणून ते कडक असतानाच उतरवतात. मऊ फळ ट्रकच्या प्रवासात टिकणारही नाही. शिवाय पत्थरनाखसारख्या काही जाती पिकल्यावरही कुरकुरीतच राहतात. म्हणजे कडकपणा हा फळाचा दोष नाही.

कैरीचीच युक्ती

रायपूरमध्ये मराठी स्वयंपाक नवा नाही. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. आजही तात्यापारा म्हटलं की इथली जुनी मराठी वस्ती आठवते. आपल्याकडे कच्च्या कैरीचं काय काय करतात, ते तुम्हाला माहीत आहेच. तेच कडक नाशपातीचं करा. फरक एकच, तिला आंबटपणा कमी असतो. त्यामुळे लिंबू हवंच.

मेथांबा: अर्धा किलो नाशपातीची सालं आणि मधला दाणेदार गाभा काढून फोडी करा. काळ्या पडू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवा. 2 चमचे तेलात मोहरी, अर्धा चमचा मेथीदाणे, हिंग आणि हळद घाला. फोडी निथळून परता, अर्धी वाटी पाणी घाला आणि झाकण ठेवून 15 ते 20 मिनिटं शिजवा. सुरी सहज आत गेली की मगच पाऊण वाटी गूळ, तिखट आणि मीठ घाला. गूळ आधी घातला तर फोडी मऊ होत नाहीत. शेवटी एका लिंबाचा रस पिळा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस आरामात टिकतो.

पताल चटणी: छत्तीसगडीत पताल म्हणजे टोमॅटो. टोमॅटो, हिरवी मिरची, लसूण आणि कोथिंबीर वाटताना त्यात नाशपातीची एक भाजलेली फोड घाला. तांदळाच्या पिठाच्या गरम चिल्याबरोबर ही गोडसर-झणझणीत चटणी मुलंही खातात.

मुरंबा: कच्च्या फळात पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे मुरंबा चांगला आळतो. किस थोड्या पाण्यात मऊ शिजवा. मग 1 वाटी किसाला पाऊण वाटी साखर, लिंबाचा रस आणि 2 लवंगा घालून घट्ट होईपर्यंत ढवळा.

तशीच खायची असेल तर

कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्याबरोबर तीन-चार दिवस ठेवा. देठाजवळ हलकेच दाबून बघा. तिथे मऊ लागली की पिकली. पत्थरनाख मात्र वाट पाहूनही लोण्यासारखी होणार नाही, तिची कोशिंबीर करा.

घेताना भोक पडलेली किंवा काळे डाग असलेली फळं टाळा आणि गाडीवाल्याला 'कुठली आहे?' एवढं नक्की विचारा. 'जशपूरची' असं उत्तर आलं, तर तुमच्या पिशवीत याच राज्यातल्या एखाद्या बारीतली मेहनत आहे. ती कडक आहे म्हणून वाया का घालवायची?