परक्या शहरातील नागपूरकर आणि लिहिण्याचा संकोच

परदेशात अनेक वर्षे राहिलेल्या मराठी माणसाच्या मनात, आता जिथे त्याचे घर आहे, जिथे तो कर भरतो आणि मुलांना शाळेत घालतो, त्या शहराविषयी नियमितपणे काही लिहावे अशी इच्छा पुष्कळदा असते. मात्र ‘आपण काही लेखक नाही’ या एका वाक्यापाशी ती अडते आणि वर्षे निघून जातात. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या नागपूरकरांच्या बाबतीत हा संकोच अधिक घट्ट असतो. त्याची कारणे माणसाच्या स्वभावापेक्षा मराठी लेखनाच्या घडणीत शोधणे अधिक योग्य ठरेल.

मराठीत परदेशाविषयीचे लेखन मुख्यतः प्रवासवर्णन म्हणून वाढले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने १९६० मध्ये या प्रकाराला जी लोकप्रियता मिळवून दिली, तिचा प्रभाव पुढच्या कित्येक पिढ्यांवर राहिला. प्रवासवर्णन नवलाईवर उभे असते, कारण प्रवासी थोड्या दिवसांसाठी येतो आणि जे वेगळे दिसते तेच टिपतो. रहिवाशाची नवलाई पहिल्या एकदोन हिवाळ्यांतच ओसरते. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास पडणारा अंधार, बंद पडलेल्या बॉयलरसाठी करावे लागणारे फोन आणि सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांच्या भेटीची प्रतीक्षा हे सारे अंगवळणी पडते, आणि जे अंगवळणी पडले ते लिहिण्याजोगे नाही, अशी त्याची समजूत होते. लंडनमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या मीना प्रभु यांनी पेशाने डॉक्टर असूनही ‘माझं लंडन’ लिहिले आणि पाहुण्याऐवजी रहिवाशाच्या नजरेने हे शहर मराठीत आणले. पण अशी उदाहरणे मोजकीच आहेत.

संकोचाचे दुसरे कारण भाषेचे आहे आणि ते नागपूरकराला अधिक टोचते. नागपूर हे दीर्घकाळ मध्य प्रांताच्या राजधानीचे शहर होते आणि हिंदीशी त्याचा रोजचा व्यवहार होता. त्यामुळे तेथील बोलीत ‘काय करून राहिला?’ यासारखी रूपे सहज येतात, आणि शाळेत त्याच रूपांवर लाल शाईची रेघ ओढली जाते. त्या बोलीत पुढे इंग्रजीची भर पडली की, आपली मराठी छापण्याजोगी उरलेली नाही, ही भीती पक्की होते. ही भीती निराधार आहे, असे विदर्भाचे साहित्यच सांगते. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० मधील कादंबरी आपल्या पात्रांच्या तोंडी वऱ्हाडी ठेवूनच मराठीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत गणली गेली. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ मध्ये झाली, आणि त्याच्या शताब्दीच्या निमित्ताने फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ज्या प्रदेशाने शंभर वर्षे अशी संस्था चालवली, त्या प्रदेशातून गेलेल्या माणसाने आपल्या मराठीबद्दल खाली मान घालण्याचे कारण नाही.

आत्मविश्वासाच्या अभावावर मात करून लिहिल्या गेलेल्या मराठी पुस्तकांत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे स्थान पहिले मानावे लागेल. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. अक्षरओळख लग्नानंतर झाली, आणि पती नारायण वामन टिळक यांच्या अस्थिर स्वभावामुळे संसार गावोगाव फिरला. त्या भटकंतीत नागपूरही होते, जिथे टिळक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथांचे काम करीत होते. पुढे टिळकांच्या निधनानंतर मुलगा देवदत्त याच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहिण्यास घेतल्या. या आठवणी प्रथम ‘संजीवनी’ या नियतकालिकातून आल्या आणि १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. म्हणजे अभिजात मानल्या गेलेल्या या आत्मचरित्राची सुरुवात एका घरगुती विनंतीतून झाली, ते आयुष्याच्या उत्तरार्धात लिहिले गेले आणि त्याची भाषा बोलण्याच्या भाषेपासून फारशी दूर गेली नाही. लक्ष्मीबाईंनी आधी उत्तम लेखिका होण्याची वाट पाहिली असती तर हे पुस्तक झालेच नसते.

परदेशातून लिहिणाऱ्यासाठी पंडिता रमाबाईंचे उदाहरण आणखी जवळचे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडला पोहोचल्यावर त्या वाँटेज या गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या, आणि तेथून त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकर यांना जे दीर्घ पत्र लिहिले, तेच ‘इंग्लंडचा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध झाले. वाचक एकच, तोही ओळखीचा. त्यामुळे समुद्रप्रवास, बंदरे आणि नव्या देशातील पहिले दिवस यांविषयी लिहिताना वाचकवर्ग कोणता आणि शैली कशी असावी, हे प्रश्न आड आले नाहीत. पुढे अमेरिकेत राहिल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ लिहिला. लोकस्थिती म्हणजे लोक कसे राहतात, शाळा आणि संस्था कशा चालवतात, बायकांना कोणते हक्क आहेत, याचे विवेचन; आणि त्याला त्यांनी नावात प्रवासवृत्ताच्या आधी जागा दिली. रहिवाशाने काय लिहावे याचे उत्तर या नावातच मिळते.

लोकस्थितीच्या नोंदीच्या बाबतीत नागपूर आणि लंडन यांचे नाते विषम आहे, आणि ते विषम आहे हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरचा रेसिडेंट, म्हणजे भोसल्यांच्या दरबारातील इंग्रज प्रतिनिधी, राज्यकारभारच पाहू लागला, आणि या पदावरील रिचर्ड जेंकिन्स याने तयार केलेला नागपूर राज्याचा अहवाल १८२७ मध्ये छापला गेला. त्यात जमीन, पिके, जाती, व्यापार आणि महसूल यांची बारीक नोंद आहे. रॉबर्ट रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंड १९१६ मध्ये लंडनच्या मॅकमिलनने प्रसिद्ध केले. जेंकिन्स काय किंवा रसेल काय, कोणी साहित्यिक नव्हते. सत्तेच्या गरजेतून, आणि लोकांकडे वरून पाहत, त्यांनी लिहिले, हे विसरता येणार नाही. तरीही नागपूरच्या शेतीचा वा बाजाराचा जुना इतिहास लिहिणाऱ्याला आज त्यांची पाने उलटावी लागतात, कारण त्यांनी सामान्य गोष्टी नोंदवल्या. उलट दिशेने, नागपूरच्या माणसाने लंडनच्या लोकस्थितीची केलेली मराठी नोंद फारच तुटपुंजी आहे. आज लिहिणाऱ्या नागपूरकराच्या हाती सत्ता नाही, आणि ही जमेची बाजू आहे. तो ज्यांच्याविषयी लिहील त्यांच्याच रांगेत उभा असतो आणि त्यांच्याच बसची वाट पाहतो.

अशी नोंद केवळ नागपूरकरच करू शकेल, असे एक उदाहरण उन्हाचे आहे. १८ आणि १९ जुलै २०२२ या दिवसांसाठी ब्रिटनच्या हवामान संस्थेने तीव्र उष्णतेचा लाल इशारा प्रथमच दिला. १९ तारखेला हीथ्रो येथे ४०.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, लंडनच्या पूर्व कडेच्या वेनिंग्टन गावात घरे जळाली आणि लंडनच्या अग्निशमन दलाला दुसऱ्या महायुद्धानंतरचा सर्वांत धावपळीचा दिवस पाहावा लागला. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे हा आकडा तेथील वाचकाला मोठा वाटणार नाही. पण लंडनमधील विटांची घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत, घरात वातानुकूलन यंत्र क्वचित असते, आणि ऊन पडले की खिडक्या उघडून ते आत घ्यावे, ही वर्षभराच्या ढगाळ हवेने लावलेली सवय आहे. नागपूरच्या घरात रोहिणी नक्षत्र लागल्यानंतरच्या नऊ दिवसांना, म्हणजे नवतपाला, तोंड देण्याची रीत ठरलेली असते: सकाळी नऊच्या आत दारे-खिडक्या बंद करणे, वाळ्याच्या टट्ट्यांवर किंवा कूलरच्या जाळीवर पाणी सोडणे, कैरीचे पन्हे पिणे, सूर्य मावळल्यावरच घर मोकळे करणे. कोरड्या हवेत पाण्याची वेगाने वाफ होते आणि वाफ होताना ते हवेतील उष्णता शोषून घेते, हे त्यामागचे तत्त्व आहे. म्हणूनच दमट मुंबईत कूलर उपयोगी पडत नाही आणि नागपुरात पडतो. त्या मंगळवारी लंडनची हवाही बरीच कोरडी होती, आणि खिडकीवर ओली चादर टांगणारे घर शेजाऱ्यांपेक्षा शहाणे ठरले असते. दोन्ही शहरांचे ऊन अंगावर घेतलेल्या माणसाने या दोन दिवसांविषयी लिहिलेली दोन पाने हवामानाच्या, घरबांधणीच्या आणि स्थलांतराच्या अभ्यासकाला एकाच वेळी उपयोगी पडतील.

साध्या जगण्याची नोंद काय करू शकते हे नागपूरनेच दाखवले आहे. डॉ. आंबेडकरांच्या लेखनाचे संपादन करणारे वसंत मून यांनी ‘वस्ती’ या आत्मकथनात आपण वाढलेल्या नागपुरातील महार वस्तीचे खेळ, आखाडे, सभा आणि माणसे मांडली, आणि नागपूरच्या आंबेडकरी चळवळीचा एरवी कोणत्याही सरकारी कागदात न सापडणारा भाग त्यामुळे टिकला. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. त्या पहिल्या पिढीतील कोणी आपल्या खोलीचे भाडे, कोळशाची शेगडी, घरमालकिणीचा स्वभाव आणि गणपतीची मूर्ती मिळवण्याची खटपट दर आठवड्याला दोन पानांत लिहून ठेवली असती, तर आजच्या वाचकाने त्या मजकुरातील व्याकरणाच्या चुका मोजल्या नसत्या.

परक्या शहरात राहणाऱ्या प्रत्येक नागपूरकराने, आपल्याला लिहिता येते की नाही याचा निकाल लागण्याची वाट न पाहता, या आठवड्यात एका ओळखीच्या माणसाला उद्देशून, जशी बोलतो तशा मराठीत, आपल्या गल्लीविषयी एक पान लिहावे, वर तारीख आणि ठिकाण घालावे, आणि पुढच्या आठवड्यात दुसरे पान लिहावे.