बाटलींतला कार्बन

वस्तूस तिच्या गुणावरून नांव पडावें, हा भाषेचा जुना शिरस्ता. बाजाराचा शिरस्ता याच्या उलट. तेथें आधीं गोंडस नांव ठरतें, आणि नांवाजोगा गुण वस्तूंत आहेच असें गिऱ्हाइकानें मानून चालावें, अशी अपेक्षा असते. मत्स्यालयाचें सामान विकणाऱ्या दुकानांतून ‘द्रव कार्बन’ म्हणून जी बाटली मिळते, ती या दुसऱ्या प्रकारांतली आहे असें आमचें मत झालें आहे. आणि तें कसें झालें हें वाचकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही पडलों सेवानिवृत्त शाळामास्तर. शब्दरूपें आणि समासविग्रह यांत जन्म गेला. आमचा आणि मत्स्यालयाचा संबंध काय, असें कोणीही विचारील. हा संबंध आमच्या नातीनें जोडला. तिनें ओवाळणीचे पैसे सांठवून एक फूट लांब, तितकीच रुंद व उंच अशी कांचपेटी घेतली. तळाशीं वाळू घातली. जावा मॉस, अनुबियस, क्रिप्टोकोरिन अशीं मंद उजेडांत तगणारीं झाडें लावलीं. आणि बोटाच्या पेराएवढ्या तांबड्या कोळंब्या त्यांत सोडल्या. क्रिप्टोकोरिनाच्या कांहीं जाती आपल्या सह्याद्रींतल्या ओढ्यांतही वाढतात, हें कळल्यावर आम्हांस त्या झाडाविषयीं एकदम आपलेपणा वाटूं लागला. शाकाहारी घरांत कोळंबी आली म्हणून शेजाऱ्यांनीं थट्टा केली. परंतु ती ताटांत न येतां टेबलावरच राहिल्यामुळें आमच्या सोंवळ्यास कांहीं बाध आला नाहीं.

तीन महिने गेले तरी झाडें म्हणावीं तशीं वाढेनात. नात दुकानांत गेली, आणि दुकानदारानें एक बाटली देऊन सांगितलें, “रोज एक टोपण घाल, झाडांचें अन्न आहे हें.” त्याच आठवड्यांत एका कोळंबीच्या पोटाखालीं अंडीं दिसूं लागलीं होतीं. झाडेंही वाढावीं आणि पिलेंही जगावीं, अशी मुलीची उतावीळ. बाटली उघडण्यापूर्वीं तिजवर बारीक अक्षरांत काय लिहिलें आहे तें वाचावें, एवढेंच आम्हीं तिला सांगितलें.

वाळलेल्या झाडाच्या वजनाचा शेंकडा 40 ते 45 भाग कार्बन असतो. जमिनीवरचें झाड तो हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायूंतून घेतें; पाण्यांतलें झाड मुख्यतः पाण्यांत विरघळलेल्या त्याच वायूंतून. मोकळ्या हवेशीं समतोल राखणाऱ्या पाण्यांत हा वायु लिटरास सुमारें अर्धा मिलिग्रॅमच असतो. प्रखर दिव्यांखालीं पाणबाग फुलविणारे हौशी लोक नळकांड्यांतून वायु सोडून तो 20 ते 30 मिलिग्रॅमपर्यंत नेतात. बाटलींत हा वायु नसतो. तींत बहुधा ग्लुटाराल्डिहाइड किंवा त्याचें एखादें भावंड पाण्यांत कालविलेलें असतें. त्याच्या रेणूंत कार्बनाचे 5 अणु आहेत, एवढ्यावरून तें ‘कार्बन’ झालें. झाडें हा कार्बन अन्न म्हणून घेतात, असा उत्पादकांचा दावा आहे. परंतु त्याचा निर्विवाद गुण निराळाच आहे: तें प्रथिनांना एकमेकांशीं जखडून टाकतें व सूक्ष्म जीव मारतें. म्हणूनच इस्पितळांत एंडोस्कोपसारखीं उपकरणें निर्जंतुक करण्यास त्याचें 2 टक्क्यांचें द्रावण वापरीत आले आहेत. बाटलीनें शेवाळ मरतें तें याच गुणामुळें. अन्न म्हणून मिरविणारी वस्तु मुळांत जंतुनाशक! नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा.

मग नातीस आम्हीं त्रैराशिक घातलें. या जातीच्या द्रवांत सर्वांत प्रसिद्ध जें सीकेम कंपनीचें ‘फ्लरिश एक्सेल’, त्याचें नित्याचें प्रमाण 200 लिटर पाण्यास 5 मिलिलिटर, म्हणजे एक टोपण, असें आहे. एक घनफूट पेटींत पाणी मावतें सुमारें 28 लिटर. वाळू वगळतां 25 धरूं. तिनें उत्तर काढलें: 0.625 मिलिलिटर. म्हणजे त्या हिशेबानें दुकानदाराचें रोजचें टोपण आठपट होत होतें! मुलीचा चेहरा उतरला.

“मग आजोबा, मोजून थेंबभरच घालूं का?” तिनें विचारलें. प्रश्न रास्त होता. प्रमाणांत घालणाऱ्या पुष्कळांच्या कोळंब्या धडधाकट राहतात, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण मंद उजेडाच्या पेटींत त्याची गरज काय? पाण्यांत बुडविलेल्या पानांवर उन्हांत बुडबुडे येतात व अंधारांत ते थांबतात, हें इंगेनहाउझ या शास्त्रज्ञानें 1779 सालीं दाखवून दिलें. झाडाचा स्वयंपाक उजेडाच्या चुलीवर होतो. आणि चुलींत निखारा मंद असतां पातेल्यांत तांदूळ वाढवून भात लवकर शिजत नाहीं. अनुबियस तर स्वभावानेंच सावकाश. महिन्यास एखादें पान काढील. त्याच्या पुरता कार्बन हवेंतून, पाण्यांतल्या जीवांच्या श्वासांतून आणि तळच्या कुजण्यांतून त्यास मिळत असतो. शिवाय कांचेवरचा शेवाळाचा व सूक्ष्म जीवांचा जो पातळ थर आपण घाण समजतों, तें कोळंबीचें वाढलेलें ताट होय. तें पुसून टाकणारें औषध तिच्या घरांत कशाला?

बाटली न उघडतांच मुलीनें परत केली. दिवा रोज सहा तासांवर आणला, दर आठवड्यास थोडें पाणी बदललें आणि वाट पाहिली. पंचविसाव्या दिवशीं मॉसच्या काड्यांवर तिळाहून लहान, पण मिशांसकट पुऱ्या घडलेल्या कोळंब्या दिसल्या. सतरापर्यंत मोजून ती थांबली. कारण पुढच्या एका ठिकाणीं राहीनात. झाडें अजून सावकाशच आहेत. पण तीं हिरवीं आहेत.

माशांच्या पेटींत काळें केसाळ शेवाळ माजलें, तर हाच द्रव पिचकारीनें मोजून घातल्यास उपयोगी पडतो. मात्र त्याची वाफ डोळ्यांस व घशास झोंबते. हातमोजे घालावे आणि बाटली मुलांच्या हातास लागूं देऊं नये. हें सर्व औषधाचें पथ्य झालें, आणि म्हणून त्यास औषधच म्हणावें. मुलांच्या हातीं कोणतीही वस्तु देतांना तिचें खरें नांव सांगून द्यावी. कारण नांवांत फसगत झाली कीं मात्रेंत फसगत होण्यास वेळ लागत नाहीं.