रोममधला उघडा नळ

गिरगावातल्या आमच्या चाळीत पाणी पहाटे साडेचारला येई आणि सहाला जाई. त्या दीड तासावर आईचा सारा दिवस उभा असे. पिंप, हंडा, कळशी भरून झाल्यावरच ती चहाचे आधण ठेवी. आम्ही मुले अर्थातच झोपलेली असू. नळ ठिबकताना दिसला, तर तो शेजाऱ्यांचा असला तरी ती उठून बंद करून येई.

अशा बाईला मी वयाच्या बाहत्तराव्या वर्षी रोमची कारंजी दाखवायला नेले!

त्रेव्हीच्या कारंज्यापुढे मी पढवलेल्या पोपटासारखा बोलू लागलो. उंची सव्वीस मीटर. मधोमध सागरदेव, पुढे उधळलेले घोडे. निकोला साल्वी याने १७३२ साली काम हाती घेतले, ते पुरे झाले १७६२ साली. तो बिचारा त्याआधीच, १७५१ मध्ये, वारला. आईने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "एवढं पाणी जातं कुठे रे?"

"वाया नाही जात. तेच पंपाने पुन्हा फिरवतात."

तिचा जीव भांड्यात पडला. मग वर उजवीकडे कोरलेली एक मुलगी मी तिला दाखवली. तहानलेल्या शिपायांना एका मुलीने झरा दाखवला, अशी दंतकथा आहे. त्या झऱ्याचे पाणी अग्रिप्पाने इसवी सनापूर्वी १९ मध्ये रोमला आणले.

"म्हणजे इथेही पाण्याची काळजी बाईलाच!" आई म्हणाली.

लोक कारंज्याकडे पाठ करून खांद्यावरून नाणी टाकत होते. तसे केले की रोमला पुन्हा येणे घडते म्हणे. ती नाणी पुढे गोरगरिबांसाठी खर्च होतात, हे कळल्यावर आईनेही एक मागून घेतले. पण पाण्याकडे पाठ करायला ती तयार होईना. समोर तोंड करून तिने नाणे सोडले आणि हात जोडले.

परतताना एका कोपऱ्यावर ओतीव लोखंडाचा नळ धो धो वाहत होता. आई तडक तिकडे गेली आणि त्याची चावी शोधू लागली. चावी नव्हतीच! १८७४ पासून रोमने रस्तोरस्ती असे वाहते नळ बसवले. आज ते सुमारे अडीच हजार आहेत. वाकड्या तोटीमुळे लोक त्यांना 'नाझोने', म्हणजे मोठे नाक, म्हणतात. एका म्हाताऱ्याने खुणेने सांगितले, तशी आईने तोटी बोटाने दाबली. वरच्या भोकातून चिळकांडी उडाली ती थेट तिच्या चष्म्यावर! आई इतकी हसली, की मी तिला तसे हसताना कधी पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली. हॉटेलच्या न्हाणीघरात दिवा होता. आई नळ सोडून उभी होती.

"काय झालं गं?"

"काही नाही. येतंय का बघितलं. तू नीज."

घड्याळात साडेचार वाजले होते. या वेळी ती कशी दिसते, हे मी जन्मात प्रथमच पाहत होतो.