रोजमेळातील तीन रकाने

बार्शीच्या बाजारपेठेतील एका भुसार अडतीच्या पेढीवर रात्री रोजमेळ लिहिला जातो. पेढीचे वृद्ध मालक, घरात सर्वांचे दादाजी, बाहत्तरी उलटल्यावरही हे काम दिवाणजींवर सोपवीत नाहीत. गेली चार वर्षे त्यांच्या बैठकीजवळ लाल कापडी बांधणीची आणखी एक वही असते. तीत रकमा नसतात. तीत त्यांच्या नातवाचा दिवस लिहिलेला असतो.

नातू तीन वर्षांचा झाला तरी हाकेला ओ देत नव्हता. पाणी हवे असले की आईचा हात धरून तिला माठापर्यंत ओढत नेई, पण बोट दाखवीत नसे. खेळण्यातल्या मोटारीचे एकच चाक डोळ्यांजवळ धरून तासन्‌तास फिरवीत बसे. ‘मुलगे उशिराच बोलतात,’ या समजुतीत घराने एक वर्ष दवडले. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असे निदान केले तेव्हा पहिला ठपका सुनेवर आला. हा ठपका जुना आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले आणि त्यानंतरची कित्येक वर्षे तेथील नामांकित तज्ज्ञही आईच्या थंड स्वभावालाच दोष देत राहिले. स्वतः अशा मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात हा समज खोडून काढला. मेंदूच्या जडणघडणीतील हा वेगळेपणा आहे, मायेच्या उणिवेशी त्याचा संबंध नाही, ही गोष्ट बार्शीच्या त्या माजघरात पोहोचायला मात्र आणखी काही महिने लागले.

सोलापूरच्या केंद्रात आठवड्यातून दोनदा पाऊण तासाची वर्तनोपचाराची बैठक होई. आठवड्यातले दीड तास केंद्राचे, उरलेले सगळे घराचे. तेथील ताईंनी सुनेला एका वहीत तीन रकाने आखून दिले : आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर त्याला काय मिळाले. मत नको, केवळ नोंद. दादाजींना प्रथम हा पोरखेळ वाटला. पण ज्याने पन्नास वर्षे जमाखर्च पाहिला, त्याला फार काळ वहीपासून दूर राहवत नाही. वीस दिवसांनी त्यांनी ती चाळली. रोज सहाच्या सुमारास मुलगा किंचाळे आणि भिंतीवर डोके आपटी. तिसऱ्या रकान्यात सोळा वेळा एकच नोंद होती : ‘दादाजींनी मोबाईल दिला.’

त्या रात्री त्यांनी रोजमेळ लिहिला नाही.

प्रश्न तेवढ्यावर सुटणारा नव्हता, कारण पहिला रकानाही काही सांगत होता. घर पेढीच्या वरच आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्यासाठी त्याच वेळी दुकानाचे लोखंडी शटर खाली ओढले जाई. इतरांच्या कानांना सवयीचा झालेला तो आवाज मुलाला असह्य होत होता. किंचाळणे आवाजाने सुरू होई आणि मोबाईलने पक्के होई. म्हणून इलाजही दुहेरी ठरला. शटरला वंगण घातले, ते सावकाश ओढायचे ठरले आणि त्याआधी मुलाला शटरचे चित्र असलेले कार्ड दाखवू लागले. मोबाईल बंद केला नाही. तो हवा असेल तर मोबाईलच्या चित्राचे कार्ड हातात आणून द्यायचे, किंचाळून तो मिळणार नाही, एवढाच नियम.

ओरडून मिळणारे बंद झाले की वर्तन शमण्याआधी उसळते, असे ताईंनी बजावले होते, आणि तसेच झाले. चार दिवस घराने कसे काढले ते शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे. सून भिंतीला उशी लावून मुलाजवळ बसून राही, दादाजी ओट्यावर जाऊन कानांवर हात ठेवीत. ‘दोन थपडा द्या,’ असे एका नातलगाने सुचविले. या उपचाराच्या इतिहासात थपडाही आहेत. लोवास यांच्या १९६० च्या दशकातील प्रयोगांत मुलांना विजेचे झटकेही दिले गेले होते. १९८७ मध्ये त्यांनी १९ मुलांपैकी ९ जण सामान्य वर्गात शिकू लागल्याचे प्रसिद्ध केले आणि ही पद्धत जगभर गाजली. त्या निष्कर्षांवर वादही पुष्कळ झाला. आज जाणते उपचारक शिक्षा टाळतात. मुलगा आनंदाने हात फडफडवतो, तेही थांबवू नका, असे ताईंनी सांगितले. सासूबाईंना ते अजून पटलेले नाही.

पाचव्या दिवशी कार्ड हातात आले.

शाळेचा अनुभव संमिश्र. पहिल्या शाळेने ‘इतर पालकांच्या तक्रारी आहेत,’ असे सांगून दार लावले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे आणि मान्यताप्राप्त शाळेला प्रवेशात भेदभाव करता येत नाही. पण कायदा दाखवून मिळालेल्या बाकावर मूल शिकतेच असे नाही. दुसऱ्या शाळेतील बाईंनी वही मागून घेतली. घरी कार्ड आणि शाळेत ‘तोंडाने माग’ असा आग्रह, यामुळे दोन महिने मूल गोंधळले होते. मग तीच कार्डे दप्तरातून जाऊ-येऊ लागली आणि बाईही तिन्ही रकाने भरू लागल्या. बाकावर दिवसाच्या क्रमाची चित्रपट्टी चिकटवली गेली.

मध्यंतरी थोरल्या नातीला पाहायला पाहुणे यायचे होते. मुलाला दोन दिवस आजोळी पाठवावे, असे घरात बोलले गेले. दादाजींनी वही मिटली आणि तो बैठकीत आपल्याजवळच बसेल, असे सांगितले. तो बसला, चाक फिरवीत. ते स्थळ जुळले नाही. कारण कोणी सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही.

दादाजींनी नातवाच्या नावे राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतील एक लाखाचा आरोग्य विमा उतरवला आहे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर आईवडिलांनाही कायदेशीर पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, हे त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे.

नातू आता आठ वर्षांचा आहे. मोजकेच शब्द बोलतो. संध्याकाळी शटरचे कार्ड तो स्वतःच खाली घेऊन येतो आणि दादाजींच्या गादीवर ठेवतो. ते आल्याशिवाय शटर ओढायचे नाही, असे हमालांनाही सांगून ठेवले आहे. कधी दहा मिनिटे उशीर होतो.